पाण्यात उभा वीर आणि त्याला बाहेर काढायला निघालेली मी

दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी वीरगल्लुबेट्टच्या ऐतिहासिक उद्यानावर एक लेख लिहिला होता. जुन्या वाचकांना तो आठवत असेल, कारण माझा सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख तोच, आणि सर्वांत जास्त आरडाओरडा केलेलाही तोच. टेकडीवरचं तळं शेवाळाने हिरवं झालेलं, काठाला लव्हाळी माजलेली, आणि त्या चिखलात कमरेपर्यंत बुडालेला, काही शतकांपूर्वीचा एक वीरगळ. गावासाठी लढून मेलेल्या माणसाचा दगड, आणि त्याच्या डोक्यावर बगळा बसलेला! माझं रक्त उसळलं होतं. 'ज्याने गावासाठी प्राण दिले त्याला आपण डबक्यात उभं केलं आहे' असं मी लिहिलं. मग आमच्या मल्लेश्वरमच्या वाचनगटात उभी राहून त्याच विषयावर वीस मिनिटं बोलले. सत्तावीस जणांनी अर्जावर सह्या केल्या, काहींनी तर चहा यायच्या आधीच. तळं साफ करा, वीरगळ बाहेर काढा. अर्ज उद्यानाच्या कार्यालयात गेला आणि मी पुढच्या विषयावर रागवायला मोकळी झाले.

गेल्या महिन्यात एका वाचक बाईंनी त्या लेखाखाली विचारलं, "आता तिथे कसं आहे? मुलांना घेऊन जायचा विचार आहे." मला उत्तर माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी एकदाही फिरकले नव्हते. म्हटलं, स्वतः बघून येऊ. शनिवार-रविवार गाठला, उद्यानाच्या विश्रामगृहात एक खोली सांगून ठेवली आणि केतकीला फोन केला.

केतकी आमच्या वाचनगटातली सर्वांत तरुण सभासद. पुण्याची, बेळ्ळंदूरला एका आयटी कंपनीत आहे. माझ्या प्रत्येक भाषणानंतर "काकू, तुम्ही लिटरली आग लावता" असं म्हणणारी. अर्जावर सही तिचीही होती.

जायचं कसं, ते आधी सांगते. मल्लेश्वरमहून संपिगे रोडला मेट्रो धरायची, हिरवी लाइन, आर. व्ही. रोडला उतरून पिवळी लाइन, ती शेवटपर्यंत, म्हणजे बोम्मसंद्रापर्यंत. शंभराच्या आत तिकीट, बसायला जागा, थंड हवा. मी साडेसातला निघाले आणि नऊच्या सुमाराला बोम्मसंद्राच्या फलाटावर उतरले. केतकी बेळ्ळंदूरहून, म्हणजे माझ्यापेक्षा कितीतरी जवळून, कॅबने येणार होती. ती वीस मिनिटं उशिरा आली आणि आल्या आल्या म्हणाली, "काकू, रिंग रोडवर एका सिग्नलला माझा अख्खा पॉडकास्ट संपला."

पुढे रिक्षा. बस आहे, पण ती चंदापुराच्या पुढे वळते तिथेच सोडते, आणि तिथून चार-पाच किलोमीटर चढ आहे. रिक्षावाल्याने सहाशे सांगितले.

"आरनूरु? हा काय रथ आहे का? स्वल्प कमी करा, अण्णा," मी म्हटलं.

"रथ नाही अक्का," तो म्हणाला, "पण रस्ता लढाईचाच आहे. तुमची कंबर मोडली की माझ्याकडे मागू नका."

साडेचारशेला ठरलं, आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. चंदापुराच्या बाजारात थांबून तट्टे इडली खाल्ली, थाळीएवढी, वर लोण्याचा गोळा. तिघांचं दीडशेत झालं. रिक्षावाला आमच्याबरोबरच बसला, आणि केतकीने इडलीचा फोटो काढेपर्यंत त्याची खाऊन झाली होती.

त्या बाजारापासून टेकडीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक आहेत. 'लेक व्ह्यू'. 'लेक ब्रीझ'. 'सिल्व्हर लेक एन्क्लेव्ह'. मी रिक्षावाल्याला विचारलं, तळी कुठे आहेत? त्याने हाताने गोल दाखवला. "ह्या फलकांच्या खाली, अक्का." बेंगळुरूने आपली तळी बुजवली आणि त्यांची नावं विकायला काढली. मेलेल्या माणसाची पेटी उघडून त्याचेच कपडे घालून त्याच्या तेराव्याला जाणारे लोक असतील तर ते हेच. हा राग माझ्या सवयीचा आहे, त्याचा मला त्रास होत नाही. या प्रवासातला राग मात्र वेगळ्या दिशेला जाणार होता, आणि ते मला अजून माहीत नव्हतं.

उद्यानाचं दार नवीन झालंय. दगडी कमान, तीही कापलेल्या चकचकीत दगडाची. तिकीट माणशी पन्नास. आत शिरल्या शिरल्या एक फरसबंद चौक, आणि चौकात ओळीने अकरा वीरगळ. हे आसपासच्या शेतांतून, बांधांवरून, देवळांच्या मागून आणलेले. चौथऱ्यात सिमेंटने पक्के केलेले, खालून पिवळे दिवे. मी जवळ गेले आणि हात लावला. दगड गुळगुळीत लागला. यंत्राने वाळूचा मारा करून धुतलेला, वरून काहीतरी चमकदार पातळ लावलेलं. एका वीराच्या तलवारीला आता धार नाही, घोड्याला डोळा नाही. शतकांच्या ऊनपावसाला जे जमलं नाही ते स्वच्छतेच्या ठेक्याने एका आठवड्यात केलं. शेताच्या बांधावर उभा दगड सांगत असतो, लढाई इथे झाली, याच बांधावर. चौकात ओळीने उभे केले की ते फक्त नमुने होतात. आमच्या तरुणपणी सरकारी कचेऱ्यांत जशी कपाटं मांडून ठेवायचे तसे.

ओळीच्या शेवटी बारावा चौथरा रिकामा होता. त्यावर पाटी मात्र तयार होती. केतकीने मोठ्याने वाचली: 'टेकडीवरील तळ्यातून नागरिकांच्या मागणीनुसार सुरक्षित हलवलेला वीरगळ.'

"काकू! नागरिक म्हणजे आपण!" ती जवळजवळ ओरडली. "थांबा, इथे उभ्या राहा, फोटो काढते."

मी उभी राहिले. खोटं कशाला बोलू? पाच-दहा सेकंद मला छान वाटलं. तो फोटो केतकीकडे आहे, आणि तो तिने कुणाला दाखवू नये अशी माझी विनंती आहे.

तिथून डावीकडे खाली उतरलं की कल्याणी. आपण जिला पायऱ्यांची बारव म्हणतो तीच, चौकोनी, चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी हिच्यातही पाणी गढूळ होतं, आणि तेही मी लेखात लिहिलं होतं; पण बेडूक ओरडत होते आणि खालच्या पायरीवर एक कासव ऊन खात होतं. आता पाणी निळं आहे. आकाशामुळे नव्हे, तळाला निळा रंग दिलाय म्हणून. मधोमध कारंजं. नाकाला वास आला तो पोहण्याच्या तलावाचा. बेडूक नाही, चतुर नाही, पाण्यावर चालणारा तो साधा किडासुद्धा नाही.

एक सत्तरीचे गृहस्थ पायऱ्यांवरची पानं झाडत होते. अंगात हाउसकीपिंगचा हिरवा सदरा, दोन मापं मोठा. मी कन्नडमध्ये विचारलं, पाणी इतकं निळं कसं? माझी कन्नड शाळेची आहे, घरातली नाही, पण चालते.

"टँकर," ते म्हणाले. "आठवड्यातून दोनदा येतो."

"टँकर? कल्याणीत?"

"तळाला सिमेंट केलं ना, अम्मा. हिला पाणी खालून यायचं. वरचं तळं भरलं की ते डोंगरातून मुरत मुरत इथे झऱ्यांनी वर यायचं. ह्यांनी म्हटलं, तळ फुटका आहे, चिखल आहे, आधी बंद करा. बंद केला." त्यांनी खराटा उलटा करून दांड्याने पायरीवर दोनदा ठोकलं. "आता खालून पाणी येत नाही, आणि वरून ओतलेलं जात नाही. फार सोयीचं झालं."

नाव मुनियप्पा. हे या टेकडीचे नीरुगंटी. म्हणजे तळ्याचा पाणक्या म्हणा, पण शब्द तोकडा पडतो: तळ्याची मोरी, म्हणजे शेतांना पाणी सोडायचं दार, कधी उघडायची, किती उघडायची, कुणाच्या शेताला आधी पाणी, पाट कधी झाडायचा, हे सगळं ठरवणारा माणूस. त्यांच्या आधी वडील, वडिलांच्या आधी आजोबा. उद्यान झालं, मोरीला कुलूप लागलं, किल्ली कार्यालयात गेली आणि मुनियप्पांना खराटा मिळाला.

टेकडीच्या खाली त्यांच्या सुनेचं शेवंतीचं शेत आहे. शेतातली विहीर कल्याणीतून मुरलेल्या पाण्यावर भरायची; कल्याणीला सिमेंट झालं त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा आटली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा. शेजारच्या दोन विहिरी तशाच.

"पण हे सिमेंट करायला सांगितलं कुणी?" मी तावातावाने विचारलं. माझा आवाज चढला होता. मी मनात पुढच्या लेखाची पहिली ओळसुद्धा जुळवली होती.

"शहरातल्या कोणा बाईंनी लिहिलं होतं म्हणे," मुनियप्पा म्हणाले. "खूप मोठं लिहिलं होतं. साहेबांनी आम्हाला वाचून दाखवलं. आम्ही इथे घाण ठेवतो असं लिहिलं होतं."

केतकीला कन्नड फारसं येत नाही, पण 'शहरातल्या बाई' तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. पहिली ओळ मनातून गेली.

"आणि वरचं तळं?" मी विचारलं.

"त्याचं सोमवारी. मशीन येतंय. गाळ उपसायचा, तळाला प्लॅस्टिक अंथरायचं, काठाला सिमेंट. वीर आधी काढणार." त्यांनी पुन्हा खराटा सरळ केला. "सकाळी सहाला मी वर जातो. बघायचं असेल तर या. सोमवारनंतर दाखवायला काही नसेल."

विश्रामगृहाबद्दल: खोल्या स्वच्छ, गरम पाणी आहे, गाद्या कडक. दोघींना मिळून एका रात्रीचे हजाराच्या आसपास. जेवण गावातल्या बायका चालवतात त्या खानावळीत घ्या, रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि पालेभाजीचं सारू, पोट भरून. मुद्दे चावायचा नसतो, गिळायचा असतो. केतकीने चावला, आणि वाढणारी बाई तिला म्हणाली, "च्युइंगम नाही ते, पोरी." मी मात्र त्या संध्याकाळी माझा गोळा अर्धा तसाच ठेवला.

केतकीने शेवटी विषय काढलाच. "काकू, आपल्याला कुठे माहीत होतं?"

"तेच तर," मी म्हटलं. "माहीत नव्हतं तरी वीस मिनिटं बोलले."

"पण इंटेन्शन चांगलं होतं."

"चांगल्या हेतूने विहीर आटली की पाणी गोड लागतं का?"

मी उगाच तिच्यावर खेकसले होते. सवय जात नाही.

रविवारी सकाळी सहाला आम्ही मुनियप्पांच्या मागे टेकडी चढलो. चढ वीस मिनिटांचा, बूट असतील तर बरं. वरचं तळं म्हणजे दोन खडकांमध्ये मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी, फार मोठं नाही, एका बाजूने हाक मारली तर दुसऱ्या बाजूला ऐकू जाईल एवढं. काठाला तीच लव्हाळी. लव्हाळीत जांभळ्या पाणकोंबड्या, लाल चोचीच्या, आमची चाहूल लागताच तुरुतुरु आत शिरणाऱ्या. आणि पाण्यात, बांधापासून दहाएक पावलांवर, तो वीरगळ. त्याच्या डोक्यावर याही वेळी बगळा होता. मागच्या वेळी मला तो अपमान वाटला होता.

दोन वर्षांपूर्वी मी पर्यटकांसाठी बांधलेल्या कठड्याशी उभी होते. आज मुनियप्पांनी चपला काढायला सांगितल्या. साडी खोचून मी पाण्यात उतरले. चिखल घोट्याच्या वर गेला, मऊ आणि थंड. वास मातीचा आला, घाणीचा नाही. दहा पावलं टाकली आणि वीरगळासमोर उभी राहिले. पहिल्यांदाच तो मला नीट दिसला.

वीरगळ तीन थरांचा असतो हे वाचकांना माहीत असेल. सर्वांत खाली लढाई. मधल्या थरात मेलेल्या वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. हे सगळं मी त्या लेखात लिहिलंच होतं, चांगलं दीड परिच्छेद. हा दगड पाण्यात का आहे, हा प्रश्न मात्र मला पडला नव्हता. मला वाटलं होतं, दुर्लक्षामुळे.

मुनियप्पांनी ओल्या बोटाने खालच्या थरावर टिचकी मारली. "लढाई पाण्याखाली असेल तोवर तळं जिवंत. लढाई उघडी पडली की मोरी बंद. मग शेताला एक थेंब नाही, राहिलेलं पाणी गुरांचं आणि विहिरींचं. माझ्या वडिलांनी एकदा सख्ख्या भावाला पाणी नाकारलं होतं, लढाई दिसते म्हणून." बोट मधल्या थरावर आलं. "अप्सरांचे पाय भिजले की मोरी एक वीत उघडायची. कमरा भिजल्या की दोन वीत." मग वरच्या थरावर. "आणि लिंगाला पाणी लागलं की हातातलं जेवण टाकून यायचं आणि सांडवा मोकळा करायचा. नाहीतर बांध फुटतो आणि गाव जातं."

मी त्या दगडाकडे बघत राहिले. ही मोजपट्टी होती. कुणीतरी शहाण्या माणसाने आपल्या वीराला पाण्यात उभं केलं होतं, कारण गावाचं रक्षण हेच त्याचं काम आणि ते अजून संपलेलं नव्हतं. मेल्यानंतरही तो रोज राखण करत होता. आणि मी, पुस्तकं वाचलेली, सभा गाजवणारी, त्याची नोकरी सोडवायला निघाले होते. दिव्याखाली उभं करून निवृत्त करायला.

"आणि ही लव्हाळी?" केतकीने काठावरून विचारलं. मी भाषांतर केलं.

"ती गाळ धरते. उन्हाळ्यात पाणी लढाईच्या जवळ आलं की गावातला प्रत्येक जण गाळ नेतो, आपापल्या शेतात. पण सगळा नाही. कोपरभर ठेवायचा. तो काढला की पाणी खाली पळून जातं, झऱ्यांना मुरायला थांबत नाही." ते हसले. "मशीनला कोपर नसतो."

मग मी त्यांना सांगितलं. म्हटलं, अण्णा, ते मोठं लिहिणारी शहरातली बाई मीच.

त्यांना धक्का बसला असं वाटलं नाही. त्यांनी माझ्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहिलं. "तेव्हा पाण्यात उतरला होता का, अम्मा?"

"नाही."

"मग बघितलं कुठून?"

"त्या कठड्यावरून."

"कठड्यावरून सगळीच तळी घाण दिसतात," ते म्हणाले, आणि मोरीजवळ अडकलेली पानं काढायला गेले. कुलूप लागलेल्या मोरीजवळची. ते त्यांचं काम आता नाही, तरी.

वाचकहो, मला आयुष्यात पुष्कळ टोमणे बसले आहेत, सभेत चपला पडायच्या बाकी राहिल्या आहेत. पण वहीत लिहून ठेवला तो हा पहिलाच.

दहा वाजता आम्ही कार्यालयात. रविवारी गर्दी असते म्हणून व्यवस्थापक हजर असतात. हरीश नाव, चाळिशीचे, टेबलावर चार रंगांच्या फायली. मी खुर्चीवर बसलेच नाही. पाय अजून चिखलाचे होते आणि ते त्यांच्या फरशीवर उठले याचा मला आनंदच झाला. मी जे बोलले ते सगळं इथे देत नाही. सारांश एवढाच, की दगड वेगळा, पाणी वेगळं आणि माणूस वेगळा करून तुम्ही वारसा सांभाळता आहात की त्याचे तुकडे करून वाटता आहात, असं मी विचारलं.

हरीश शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "मॅडम, टाळ्या वाजवाव्यात असं बोललात. पण फाइलला टाळ्या लावता येत नाहीत. ही पिवळी फाइल दगडांची, एका खात्याची. निळी पाण्याची, दुसऱ्या खात्याची. हिरवी झाडांची, तिसऱ्या."

"आणि मुनियप्पा?"

त्यांनी पांढरी फाइल उचलली. "हाउसकीपिंग."

मी तिथेच पेटले. "ज्या माणसाला तिन्ही फायली तोंडपाठ आहेत त्याला तुम्ही झाडूच्या फाइलीत ठेवलंय!"

"मी नाही ठेवलं. मी आलो तेव्हा ते तिथेच होते." मग त्यांनी निळी फाइल उघडली आणि पहिलं पान माझ्याकडे फिरवलं. "आणि हे काम मी सुरू केलं नाही. ही फाइल इथून सुरू होते."

पहिलं पान म्हणजे आमचा अर्ज. माझं अक्षर, माझी सही, खाली सव्वीस सह्या. सोबत जोडपत्र म्हणून हा ब्लॉग, कन्नड भाषांतरासह छापलेला, काही वाक्यांखाली लाल रेघा. 'डबक्यात उभं केलं आहे' याखाली दोन.

"वरून विचारतात, लोकांची मागणी आहे का? मी हे दाखवतो. इतकं चांगलं लिहिलेलं पत्र आम्हाला क्वचित येतं." ते खरंच कौतुकाने बोलत होते, तेच वाईट होतं. "आता तुम्ही म्हणता थांबवा. मुनियप्पा दोन वर्षं म्हणताहेत. पण त्यांचं म्हणणं तोंडी आहे."

"मग त्यांच्याकडून लिहून घ्यायचं होतं!"

"घेतलं असतं तर ते झालं असतं कर्मचाऱ्याचं निवेदन. नागरिकांची मागणी नव्हे." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "खरं सांगू? मलाही कल्याणीचं पटलं नव्हतं. टँकरच्या बिलावर सही करताना दर वेळी हात अडतो. पण कागद उलटवायला कागदच लागतो. मूळ तक्रारदाराने लिहून दिलं, की तक्रार अपुऱ्या माहितीवर केली होती, ती मागे घेतो, तर मी 'तक्रारदारांची फेरपाहणी' असा शेरा मारून मशीन पंधरा दिवस पुढे ढकलू शकतो. अपुऱ्या माहितीवर, हे शब्द लागतील."

केतकी म्हणाली, "मी पण साइन केली होती. मी पण देते." आणि तिने त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला.

मी पेन हातात घेतलं आणि एक गोष्ट कळली. इतकी वर्षं मी हजारो वाक्यं लिहिली, त्यांत 'मी चुकले' हे कर्तरी वाक्य एकदाही नव्हतं. मनात लगेच वळणं येऊ लागली: त्या वेळी उपलब्ध माहितीनुसार, सद्हेतूने, एक सामान्य नागरिक म्हणून. सगळी खोडली. लिहिलं: मी तळ्यात न उतरता तक्रार केली. माझी माहिती अपुरी होती. वीरगळ पाण्यातच हवा. तक्रार मागे घेते.

हरीश यांनी कागद वाचला. "हे पत्र तुमच्या आधीच्या पत्राएवढं चांगलं नाही," ते म्हणाले, "पण चालेल." आणि शिक्का मारला. मग पान उलटून सह्या मोजल्या. "तुम्ही दोघी झालात. बाकीचे पंचवीस? त्यांनीही लिहून दिलं तरच काम कायमचं थांबेल."

परतीचा रस्ता तोच, रिक्षा वेगळी, पाचशे. केतकी बोम्मसंद्राला कॅबमध्ये बसली, मी मेट्रोत. समोरच्या बाई माझ्या पावलांकडे बघत होत्या. नखांत चिखल राहिला होता.

आज मंगळवार. मुनियप्पांच्या नातवाच्या फोनवरून कळलं, मशीन आलं नाही. घरी आल्यापासून मी वाचनगटातल्या सह्या करणाऱ्यांना फोन करते आहे. बहुतेकांचं उत्तर एकच: "तुम्ही म्हणालात म्हणून सही केली, आता तुम्ही म्हणताय तर मागे घेतो. कागद पाठवा, करून देतो." एक जण म्हणाले, चहाला बोलवा, सगळे एकदमच उरकू. एका बाईंनी मात्र विचारलं, "म्हणजे आता चिखलच ठेवायचा? मुलांना काय दाखवायचं, चिखल?"

या सगळ्यांत मला फक्त त्या बाईंचं बोलणं आवडलं. निदान त्या भांडल्या. बाकीच्यांवर मला संताप आला, आणि संताप आल्यावर लक्षात आलं की ही सवय त्यांना मीच लावली आहे. चहा यायच्या आधी सह्या व्हाव्यात असं बोलायला मी शिकले, आणि त्याला यश समजले. त्या पंचवीस सह्या मी आज संध्याकाळपर्यंत मिळवू शकते. मला माहीत आहे कसं बोलायचं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा. आणि तशाच मिळवल्या तर उद्या दुसरी कोणी माझ्यापेक्षा चांगली बोलणारी उभी राहील आणि तळं पुन्हा जाईल.

म्हणून मी कागद पाठवणार नाही. चहालाही बोलावणार नाही. ज्यांनी त्या अर्जावर सही केली होती त्या पंचवीस जणांसाठी, आणि हा लेख वाचून जाणाऱ्या इतर कुणासाठीही, एवढंच लिहिते. सकाळच्या पहिल्या मेट्रोने निघालात तर नऊपर्यंत पोहोचता. चौकात फोटो काढू नका, सरळ कल्याणीशी जा. मुनियप्पा तिथे झाडत असतात, हिरवा सदरा, दोन मापं मोठा. त्यांना विचारा, आज पाणी अप्सरांच्या कुठवर आहे. ते वर घेऊन जातील. चपला बांधावर काढा. पाणी थंड आहे, चिखल घोट्याच्या वर येतो, दगडापर्यंत दहा पावलं आहेत. तिथे उभं राहून बघा, आणि मग खाली कार्यालयात जाऊन तुम्हाला जे दिसलं ते तुमच्या शब्दांत लिहा. तक्रार कायम ठेवावीशी वाटली तर कायम ठेवा. तेरा दिवस उरले आहेत. माझ्या सांगण्यावरून आता एकही सही नको.